बादलीतलं आठवं कार्ड

रेश्माच्या आईचा फोन आला तेव्हा मी वर्गात उद्दिष्टं कशी लिहावीत ते शिकवत होते. फोन उचलला नाही. तास संपल्यावर लावला, तर पलीकडून एवढंच, "मॅडम, आमची रेश्मा गेली हो..." साध्या तापानं सुरुवात, मग कावीळ, आठ दिवसांत सगळं आटोपलं. पंचविशीची पोर. आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? तिची फाईल अजून माझ्याकडेच आहे! जळली मेली ती मास्तरकी.

मी रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात शिक्षणशास्त्र शिकवते. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प असतो. एखादी गोष्ट कोणाला, किती पायऱ्यांत शिकवायची याचा आराखडा करायचा आणि तो खऱ्या माणसांवर वापरून बघायचा. बहुतेक जण सातवीचे अपूर्णांक घेऊन मोकळे होतात. रेश्मा हर्णे बंदरातली, मासेमारीच्या घरची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, मी खलाशांना लाईफ जाकीट घालायला शिकवणार." मला हसूच आलं. "अगो, जाकीट घालायला काय शिकवायचंय त्यात?" ती हसली नाही. तिचे वडील समुद्रात बुडून गेले, त्यानंतर त्यांची बोट ओढून बंदरात आणली होती. जाकिटं होती बोटीवर... प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणली तशीच. मी हेदवीची, समुद्र बघत वाढलेली, पण आमच्या घरात कोणी होडीत पाय ठेवला नव्हता. मला काय कळणार होतं?

तिनं आठ कार्डं केली. नुसती चित्रं, अक्षर एकही नाही, कारण निम्मे खलाशी बाहेरचे, काही तर नेपाळचे. प्रत्येक कार्ड लॅमिनेट करायची आणि विभागातल्या निळ्या बादलीत दिवसभर बुडवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी हात घालून बाहेर काढायची, कडा सुटलेली दिसली की ओरडायची, "मॅडम, तीन नंबर नापास!" आणि हसत पुन्हा करायला बसायची. माझी परीक्षा वेगळी होती. मी लाल पेन घेऊन फाईल तपासायची. 'खलाशाला जाकिटाचं महत्त्व समजेल' असं तिनं लिहिलं, मी खोडलं. समजणं मोजता येत नाही, 'पायऱ्या क्रमानं सांगता येतील' असं लिही म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, बुडताना सांगून काय करायचंय?" तरी मी समासात लिहिलंच, 'पुन्हा करा'. तिनं केलं. मी म्हणेन तितक्या वेळा केलं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, खलाशी गावी जातात. हंगामाआधी जेमतेम पंधरा दिवस सगळे बंदरावर असतात, होड्या रंगवतात, जाळी विणतात. शिकवायचं तर तेव्हाच. ती महिनाभर आधीपासून माझ्या मागे लागली होती. आणि मी? तीन तज्ज्ञांनी प्रकल्पाची प्रश्नावली तपासून सह्या केल्याशिवाय माणसांपुढे जायचं नाही, हा माझा हेका. एक तज्ज्ञ परगावी, दुसऱ्यांना वेळ नाही. तिसरी सही आली त्या दिवशी मी मोठ्या कौतुकानं तिला फोन केला. "समुद्राला नारळ सोडला, मॅडम," ती म्हणाली. "होड्या गेल्या. आता कोणाला शिकवू?" मी म्हटलं, काही बिघडत नाही, पुढच्या वर्षी कर. पुढच्या वर्षी! काय पण अक्कल माझी.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मी कार्डं घेऊन हर्णेला गेले. तिच्या वडिलांच्या सोबतीचा एक तांडेल होता, बोट चालवणारा म्हातारा. त्याच्या बोटीवर जाऊन कार्डांची पिशवी हातात दिली, काय आहे ते सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि केबिनमध्ये देवाच्या फोटोमागे ठेवली. "अहो, खलाशांना दाखवा ना," मी म्हटलं. "खराब होतील हो मॅडम," तो म्हणाला, "आमच्या पोरीची आठवण आहे ती." पिशवीची गाठसुद्धा सोडली नाही त्यानं. मला रडू फुटलं. त्याला वाटलं, पोरीसाठी रडतायत. वर, केबिनच्या छताला, जाकिटांचा गठ्ठा आपल्या प्लॅस्टिकमध्ये तसाच लटकत होता.

त्या पिशवीत सातच कार्डं होती. आठवं मी तिला पुन्हा करायला लावलं होतं. अंगात ताप घेऊन ती घरी निघाली, त्या दिवशी ते बादलीत टाकून गेली होती. इतके दिवस ती बादली हलवायचा मला धीर झाला नाही, शिपायालाही हात लावू दिला नाही. काल शेवटी हात घातला. कडा सुटली आहे, आत पाणी गेलंय, जाकीट घातलेल्या माणसाचा सगळा रंग उतरलाय. आठ नंबर नापास, रेश्मा... कार्ड मी परत पाण्यात ठेवलं. पुन्हा कर म्हणू तरी आता कोणाला?