मूर्ती सरांची बोहनी

भूतखेत म्हटलं की मी आधी प्लग तपासणारा माणूस. सोळा वर्षं ईसीजी काढतोय, हैद्राबादच्या एका सरकारी दवाखान्यात. विचित्र रेघ आली की कुठलातरी चिमटा सैल असतो, एवढंच मला ठाऊक. तरी हे लिहितोय, कारण दोन रात्री डोळा लागलेला नाही...

काम मला मूर्ती सरांनी शिकवलं. मूळचे गुंटूरचे, पण नोकरी सगळी इथलीच. त्यांचा नेम होता — रोज सकाळी पहिल्या पेशंटआधी आम्ही एकमेकांचा ईसीजी काढायचा, मशीन नीट चालतंय ना बघायला. याला ते बोहनी म्हणायचे. इतकी वर्षं बघून एकमेकांची रेघ आम्ही अक्षरासारखी ओळखायचो. त्यांचे तीन ठोके सरळ, चौथा घाईत, मग जरा थांबा. माझ्या रेघेत एक बारीक खाच. दोन्ही निरुपद्रवी.

मग राज्याचे दोन तुकडे झाले आणि स्टाफची वाटणी निघाली. सरांचं नाव विजयवाड्याच्या यादीत आलं. ते गप्प बसून होते, आणि माझ्या जिभेला हाड नाही. म्हणालो, "आता तुमचं राज्य मिळालं ना सर, मग तोंड कशाला पाडता?" त्यांनी जेलीची बाटली जागेवर ठेवली आणि निघून गेले. त्यानंतर चार महिने फोन नाही. मीही केला नाही. लाज वाटत होती, दुसरं काय!

बोहनी मात्र चालू ठेवली. एकटाच आडवा होऊन बटण दाबायचो. मागच्या महिन्यात एका गुरुवारी, नऊ वाजून दहा मिनिटांनी, कागद बाहेर आला... तीन सरळ, चौथा घाईत. सरांची रेघ, माझ्या छातीवरून! आणि ठोक्यानंतर खाली यायची ती रेघ वर उचललेली. हार्ट अटॅकमध्ये दिसते तशी. चिमटे बघितले, वायरी बघितल्या, पुन्हा काढली. तीच. तिसऱ्यांदा माझी खाच आली.

मान-अपमान बाजूला ठेवून फोन लावला. सर रजेवर होते, गुंटूरच्या बसला उभे. म्हणालो, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. वेड लागलं का म्हणून हसले, पण गेले. ईसीजी नॉर्मल आला. तरी तिथेच बसा म्हणून मी अडून राहिलो. सव्वाबाराला त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टर समोरच होते, म्हणून वाचले.

नंतर त्यांनी त्या वेळची रेघ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. माझ्याजवळची शेजारी धरली — ठोक्याला ठोका तीच. फक्त माझी तीन तास आधीची.

सर विजयवाड्यात परत कामावर रुजू झाल्यावर मी फोनवर भीत भीत विचारलं, तुमच्याकडे माझी रेघ कधी आली का? म्हणाले, "इथं आल्यापासून रोज येते. चांगली असते, म्हणून फोन नाही केला."

मला रडू फुटलं, पेशंटच्या रांगेसमोर.

हे कसं होतं, मला माहीत नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा, चेष्टा केलीत तरी चालेल. पण परवापासून सर दिवसातून तीन-तीनदा फोन करतायत. "तिन्नावा?" जेवलास का, एवढंच विचारतात आणि ठेवतात. मी इथे ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवला, नॉर्मल आहे म्हणाले. सरांच्या मशीनवर काय आलं, ते विचारायचा मला धीर होत नाही.