छबूबाई जाईल का?

कुसुमताई गायकवाड दापोडीत महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवत. नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्यातली पंचवीस वर्षं त्या गोष्ट एका दमात वाचून दाखवत आणि शेवटी तात्पर्य विचारत. मुलं बिनचूक सांगत, कारण तात्पर्य खाली छापलेलंच असे.

मग एकदा वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की पुस्तिकेची शेवटची पानं गळाली आहेत. गोष्ट छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याची होती. वर्ग गप्प बसेना. "पुढं काय झालं, बाई?"

"तुम्हीच सांगा," ताई वेळ मारून न्यायला म्हणाल्या.

कुणी हेलिकॉप्टर आणलं, कुणी पोलीस, कुणी भूत. तो म्हातारा कसा माणूस आहे, हे मात्र एकालाही सांगता येईना. ताईंना ते लागलं. आपणच कधी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून त्या गोष्ट मध्येच थांबवू लागल्या. आता हा माणूस काय करेल? उत्तर काहीही चाले, पण लगेच दुसरा प्रश्न येई, "कशावरून?" मग गोष्टीतली ओळ दाखवावी लागे. तो काय बोलला, कसा वागला, ते. सुरुवातीला मुलं वैतागली. "बाई, वाचा ना सरळ!" पुढे ती एकमेकांनाच "कशावरून?" विचारायला लागली, कधी कधी भांडणातसुद्धा.

नोकरीच्या अठ्ठाविसाव्या वर्षी वर्गात स्वरूपा होती. घर परभणीकडचं, वडील तळवड्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर. ती ओळीखाली बोट ठेवून वाची, फार सावकाश. पहिल्याच आठवड्यात तिच्या बोलण्याला मुलं हसली आणि तिने बोलणं सोडलं. ताईंनीही तिला विचारणं सोडलं. पोरीला उगाच त्रास नको, असा त्यांचा हेतू होता.

जानेवारीत पर्यवेक्षक मोहिते तपासणीला आले आणि मागच्या बाकावर बसले. गोष्ट अंडी विकणाऱ्या छबूबाईची होती. छबूबाई सगळ्या गल्लीवर खेकसते. उन्हाळ्यात पाखरांसाठी परातीत पाणी ठेवते, तेव्हाही तिची बडबड चालूच. मग शेजारीण तापाने फणफणते. ताई थांबल्या. "छबूबाई जाईल का तिच्याकडे?"

"नाही!" सगळा वर्ग ओरडला. "कशावरून?" "सगळ्यांवर ओरडते!" ओळ सापडली, बोटं ठेवली गेली. ताई पान उलटणार, तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला.

"जाईल. पण बडबडतच जाईल."

स्वरूपा होती. कुणीतरी फिदीफिदी हसलं. ताईंनी नुसतं तिकडे पाहिलं. "कशावरून गं?"

स्वरूपाने बोट ओळीवर नेलं. शोधायला वेळ लागला. मोहित्यांनी घड्याळ पाहिलं. "हे बघा. पाखरांला पाणी ठेवताना बी बडबडच करू लागली की. पण ठेवलं ना पाणी!"

वर्ग पुस्तकात डोकी घालून ती ओळ वाचू लागला. मग ताईंनी शेवट वाचला. छबूबाई शेजारणीकडे जाते, तिचे पाय धरते, ओक्साबोक्शी रडते आणि आजपासून गोड बोलेन, असं वचन देते.

"बाई, हे चुकीचं छापलंय," एक मुलगी म्हणाली.

"ती रडत नसती," स्वरूपा म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही. उरलेला तास पुस्तक चूक की स्वरूपा, यावर गेला आणि त्या तासाला नेमलेला धडा राहिला.

मोहित्यांनी शेरा लिहिला : नियोजित पाठ्यांश पूर्ण झाला नाही. बाहेर व्हरांड्यात ते म्हणाले, "मॅडम, परीक्षेत मिनिटाला किती शब्द वाचले ते मोजतात. हे कुठं धरायचं?"

"मला माहीत नाही, साहेब," ताई म्हणाल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. शेऱ्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. सात महिने या मुलीला आपण एक प्रश्न विचारला नाही, हे मात्र डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला विचारायला सुरुवात केली. कधी ती बोले, कधी नुसती मान हलवी.

एप्रिलच्या शेवटी स्वरूपाची आई दाखला मागायला आली. कंत्राट संपलं होतं, वडिलांना चाकणला काम मिळालं होतं. दाखल्यावर सही होईपर्यंत ती उभीच राहिली. मग हळूच म्हणाली, "वाचनात लई मागं हाय म्हणत्यात, बाई."

"वाचते सावकाश," ताई म्हणाल्या, "पण माणूस बरोबर ओळखते."

आईला त्याचं काय करावं ते कळलं नाही. ताईंनी नव्या बाईंसाठी चिठ्ठी लिहून दाखल्याला टाचणीने लावली : 'हात वर करत नाही. नाव घेऊन विचारावे व थोडे थांबावे.'

चिठ्ठी कुणी वाचली की नाही, ते त्यांना कळलं नाही. जूनमध्ये नवा वर्ग आला, एक्केचाळीस मुलांचा. ताईंनी हजेरीपट उघडला आणि पहिल्या दिवशी एकेकाला नावाने हाक मारून एक एक प्रश्न विचारला. त्यातच दोन तास गेले.