धुक्यात उतरलेली हलगी

"बाई, ही हलगी न्हाई, पापड हाय पापड. सादळलेला!"

सुदामतात्यांनी काडी मारली. आवाज आला, धप्प. गाडी बिहारमधल्या कुठल्याशा छोट्या स्टेशनाबाहेर उभी होती. धुकं असं की खिडकीतून शेजारचा रूळसुद्धा दिसेना.

मी तिसगावात लेझीम पथक चालवते. मिरवणूक, महोत्सव, सरकारी कार्यक्रम, बोलावतील तिथं जाते. हाच माझा धंदा. या खेपेला सिलिगुडीच्या लोककला महोत्सवात उद्घाटनाचा खेळ आमच्याकडे होता. लेझमाच्या मुली आणि हलगीला तात्या, असे आम्ही मनमाडहून स्लीपरनं निघालो होतो. जबलपूरपर्यंत नुसती धमाल. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गाण्यांच्या भेंड्या. मग पुढं हे धुकं लागलं.

हलगी म्हणजे गोल कड्यावर ताणून बसवलेलं कातडं. ओल लागली की ते ढिलं पडतं. याला हलगी उतरली म्हणतात. आमच्याकडे सोपं असतं. उसाचं पाचट पेटवायचं, हलगी जाळावर धरायची, दोन मिनिटांत कडक. पण रेल्वेत जाळ कुठला करणार? काडी पेटवली तरी पोलीस खाली उतरवतील.

तेवढ्यात महोत्सवाच्या समन्वयक साहेबांचा फोन. सगळी पथकं तेच ठरवतात.

"मॅडम, तुमची गाडी लेट आहे. स्टेशनवरून डायरेक्ट स्टेजवर यायचं."

"सर, आधी हलगी शेकायला जागा लागेल."

"कापडी मांडव आहे. आग अजिबात चालणार नाही. फायबरची हलगी नाही आणली?"

"नाही."

"मग रिस्क नको. आपण ट्रॅक लावू. मुली नाचतील."

ट्रॅक म्हणजे रेकॉर्ड केलेलं म्युझिक. फोन स्पीकरवर होता. तात्यांनी सगळं ऐकलं. हलगी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली.

"स्पीकरवर नाचायचं हुतं तर मला कशाला आनलं एवढ्या लांब? पाहुना म्हनून?"

मला रडू यायचं बाकी होतं. फायबरची हलगी वाजते, पण बोलत नाही, असं गावभर सांगत फिरणारी मीच. साहेबांना म्हटलं, "सर, थोडा वेळ द्या. हलगी वाजवूनच दाखवते." आणि फोन ठेवला.

आधी पॅन्ट्रीत गेले. तिथं जेवण गरम ठेवायचं इलेक्ट्रिक कपाट असतं. त्यात हलगी ठेवू द्या म्हटलं, तर मॅनेजरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जेवणाशेजारी चामडं? बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?" त्याचंही बरोबरच होतं म्हणा. पण पलीकडे चहाचं पाणी खळखळत होतं. ते बघितलं आणि डोक्यात प्रकाश पडला. कार्यक्रमाला लाईट गेली की आम्ही नऊवारीला इस्त्री कशानं करतो? तांब्यात कढत पाणी भरून!

"दादा, कपाट राहू द्या. उकळतं पाणी तरी द्याल?"

"ते न्या की हवं तेवढं."

मुलींच्या स्टीलच्या बाटल्या गोळा केल्या. थर्मास बाद, बाहेरून गारच राहतो. एकेरी पत्र्याच्या तेवढ्या घेतल्या. कढत पाणी भरलं, झाकणं मी स्वतः आवळली, बाटल्या कोरड्या पुसल्या.

तात्या उसळलेच. "पानी? कातड्याजवळ? एक थेंब गळला तर संपलं सगळं!"

"तात्या, गळला तर जन्मभर तुमच्यासमोर लेझीम धरणार नाही."

"लई मोठी शपथ घेतली की!" म्हणाले, पण हलगी दिली.

खाली घोंगडी घातली. हलगीवर मऊ पंचा, पंचावरून बाटली फिरवायची. सावकाश, कडेपासून मध्याकडे. बाटली निवली की पुढची. मुली आळीपाळीनं बसल्या. शेजारच्या बर्थवरच्या बंगाली काकूंनी गुडघा शेकायची रबरी पिशवीच काढून दिली. गुडघ्याचं काय, म्हटलं, तर हातानंच "राहू दे" केलं. गाडी कधी चालू लागली, कुणाला कळलंही नाही.

तात्या मध्येच काडी मारायचे. धप्प. परत शेक. धब्ब. परत शेक. आणि एकदाची ती बोलली, कडाड! वरच्या बर्थवरचा माणूस दचकून उठून बसला. मुली किंचाळल्या. तात्यांनी हलगी कानाशी धरली आणि नुसते हसत बसले.

मी लगेच फोन लावला. "ऐका सर." तात्यांनी असा काही हात सोडला की डबाभर लोक गोळा झाले.

"मॅडम, रेकॉर्डिंग नका ऐकवू."

"बरं. तुम्ही थांब म्हणा."

"थांब."

तात्या थांबले.

"आता चालू म्हणा."

"चालू!"

कडाड-कडाड-कडाड! "ट्रॅक कॅन्सल," साहेब म्हणाले.

सिलिगुडीपर्यंत शेक सुरूच ठेवला. हलगी घोंगडीत गुंडाळून तात्यांनी लेकरासारखी छातीशी धरून स्टेजवर आणली. पहिल्याच ठेक्याला मुलींच्या अंगात वारं शिरलं. साउंडवाला धावत आला. "मॅडम, माइक बंद करतोय, आवाज फाटतोय!" मागच्या रांगेपर्यंत लोक उभे राहिले होते. मी विंगेत उभी राहून लाज सोडून शिट्टी मारली. घामानं निथळणारे तात्या माझ्याकडे बघून ओरडले, "बाई, सांगा त्या सायबाला, लाव म्हनावं आता टराक!"

या धंद्यात शिकले ते एवढंच. कातड्याला ऊब लागते. ती जाळाचीच पाहिजे, हा हट्ट आपला असतो.