गोठ्यातली उपासना

लग्न होऊन ती शेतावर आली, तेव्हा दुसऱ्याच सकाळी सासूबाईंनी तिच्या हातात बादली दिली आणि म्हणाल्या, "आता शाळा सुटली म्हणायची तुझी." तिने गाईंच्या धारा काढल्या, आंघोळ केली आणि सायकल काढून सरळ शाळेत शिकवायला गेली. संध्याकाळी सासूबाई गाल फुगवून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे चहा ठेवत ती म्हणाली, "सुटली की शाळा, आई. रोज सुटणार. आणि रोज भरणारही." सासूबाईंना हसू आवरेना. मग चहा गोड लागला.

पंचक्रोशी तिला बाई म्हणायची. शाळेची खोली एक, त्यात सगळ्या इयत्ता. एका मुलीने एकदा नाक मुरडलं, "बाई, तुमच्या अंगाला गोठ्याचा वास येतो."

"येणारच. तू पितेस त्या दुधाला येत नाही ना? मग झालं. पाढा म्हण."

रविवारी मात्र गोठा, शाळा सगळं बाजूला. चर्चमध्ये डावीकडच्या दुसऱ्या बाकावर ती बसायची. आवाज खणखणीत, सूर जरा इकडेतिकडे. पेटीवाला बिचारा तिच्या मागे मागे जायचा, आणि मंडळी त्या दोघांच्या मागे.

मग तिची एकुलती एक मुलगी गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत घर रिकामं झालं. दफन करून परतताना नवरा म्हणाला, "देवाच्या दारात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही."

पुढच्या रविवारी ती निघाली, तेव्हा त्याने आश्चर्याने पाहिलं.

"तुम्हाला त्याच्यावर रागवायचंय, रागवा," ती म्हणाली. "मला त्याच्यापाशी रडायचंय."

वर्षानुवर्षं तसंच चाललं. तो तिला ट्रॅक्टरवरून फाटकापाशी सोडायचा, बाहेर थांबायचा, परत न्यायचा. तिने कधी आत ओढलं नाही, त्याने कधी अडवलं नाही.

एका वादळात चर्चचं छप्पर उडालं. मंडळी शाळेत जमली. कुणी म्हणालं, दुरुस्ती होईपर्यंत उपासना बंद ठेवू. कुणी म्हणालं, शहरात जाऊ. पण म्हाताऱ्यांनी कसं जायचं? चर्चचा पाळक तरुण होता, तिच्याच हाताखाली शिकलेला. तो नुसता एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता.

"आमचा गोठा आहे," ती म्हणाली. "रविवारी तिथे या. बसायला गवताचे भारे देते."

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं. "मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात. म्हणून नाही विचारलं."

"मी गाई बाहेर काढणार नाही."

"नका काढू. येशू गोठ्यातच जन्मला. त्याला सवय आहे."

रविवारी गोठा माणसांनी भरला. नवरा पार टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून गाईंना वैरण टाकत राहिला. प्रवचनाच्या मध्येच एक गाय हंबरली, तेव्हा पाळक दचकला आणि लोक हसले. मग त्याने एक गीत सांगितलं. मुलीच्या दफनाच्या वेळी म्हटलेलं तेच. त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पहिलं कडवं बाईंनी नेटाने म्हटलं. दुसऱ्यात मात्र ती मध्येच थांबली. तिच्या आवाजावर चालणारी मंडळीही अडखळली. वैरणीचा आवाज बंद झाला. नवरा हातातली वैरण खाली ठेवून लोकांमधून वाट काढत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. गायला नाही. नुसता उभा राहिला. तिने डोळे पुसले आणि तिसरं कडवं उचललं.

जेवताना तो म्हणाला, "मी त्याच्याशी काही मिटवलेलं नाही."

"मिटवा असं मी म्हटलंय का? भाजी घ्या."

छपराचे पत्रे ठोकायला सगळ्यात आधी वर चढला तोच. आता तो काही रविवारी आत येतो, काही रविवारी बाहेर ट्रॅक्टरशी खुडबुड करतो. आला तर ती सरकून जागा देते, नाही आला तर पाय ऐसपैस पसरते.

शाळेतून ती निवृत्त झाली, गुडघे बोलू लागले, धारा यंत्र काढतं. शनिवारी दुपारी ती मुलांना गीतं शिकवते, सूर अजून इकडेतिकडेच. पाळकाला ती चर्चमध्ये अहोजाहो करते, फाटकाबाहेर अरेतुरे. प्रवचन लांबलं की चष्मा काढून पदराने पुसायला लागते. पाळक काय ते समजतो आणि आवरतं घेतो.