प्रेसची नवी बाजू

भंगारवाल्याच्या आवारात मी खिडकीचे जुने गज बघायला गेले होते. सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरामागे एक खोली काढली होती, तिला गज हवे होते. पत्र्यांच्या ढिगामागे, गुडघाभर गवतात, मला दोन जाड रोलर आणि एक मोठं आऱ्यांचं चाक दिसलं आणि मी गज विसरले. तो एचिंगचा, म्हणजे कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून चित्र छापायचा प्रेस होता. कॉलेजात असताना अशाच प्रेसवर रांग लावून मी छापचित्रं काढली होती. पुढे शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि माझ्या जस्ताच्या प्लेट्स कपाटावर गेल्या. प्लेट घरी कोरता येते, पण ती छापायला प्रेस लागतो, आणि प्रेस कोण घरात ठेवतं?

"हे काय आहे?" मी शक्य तितक्या थंड आवाजात विचारलं.

"उसाच्या रसाचं मशीन छे, बेन," भंगारवाला त्याच्या गुजराती-मराठीत म्हणाला. "जूनुं छे, पण मजबूत."

मी त्याला दुरुस्त केलं नाही. भंगाराच्या भावाने, वजनावर, प्रेस माझा झाला. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मी सारखी मागे वळून बघत होते, कुणी उतरवून घेऊन जाईल अशी भीती असल्यासारखी.

प्रेस तसा साधा असतो. दोन्हीकडे दोन जड उभ्या चौकटी, त्यांना बाजू म्हणायचं. त्यांच्यामध्ये एकावर एक दोन रोलर. रोलरांमधून एक सपाट पाट सरकतो. पाटावर शाई लावलेली प्लेट, तिच्यावर ओलसर कागद. वरच्या रोलरवर दोन्हीकडून स्क्रू आवळायचे, चाक फिरवायचं, आणि दाबाखाली कागद प्लेटच्या रेघांमधली शाई उचलतो. सगळा खेळ दाबाचा.

प्रेस सुटा करून आणला होता, आणि उतरवताना नेमकी एक बाजू फळीवरून घसरली आणि पायरीच्या कोपऱ्यावर आपटली. आवाज मोठा नव्हता. पण वरच्या आडव्या पट्टीपासून खाली, जिथे चौकट मानेसारखी अरुंद होते तिथे, केसासारखी रेघ गेली. टेम्पोवाला म्हणाला, "कशुं नथी थयुं." म्हणे काही झालं नाही. मी त्या रेघेत नख फिरवलं आणि दादाला फोन केला.

दादा माझा थोरला भाऊ. नोकरीचा सगळा काळ तो एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत धातू तपासत होता. निवृत्त झाल्यापासून तरसालीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून असायचा. काही विचारलं तर "हं." जेवायला वाढलं तर "हं." वहिनी मला एकदा म्हणाली होती, "अगं, पेपरसुद्धा उलटत नाहीत. एकच पान घेऊन बसतात."

मी सांगितलं, प्रेस आणलाय, तडा गेलाय. मग तो म्हणाला, "कुठे गेलाय तडा? नीट सांग."

तासाभरात स्कूटर दारात. पायापाशी पिशवीत भिंग, कानस आणि हातातलं छोटं ग्राइंडर. घरात न येता तो सरळ मागे गेला आणि प्रेसच्या तुकड्यांमध्ये उकिडवा बसला.

"बीड आहे," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. आईचा बिडाचा तवा आठवतोय मला."

"तव्याचं सोड. इकडे बघ." त्याने ग्राइंडर सुरू करून रोलरच्या टोकाला जरासं टेकवलं. लांबलचक पांढऱ्या ठिणग्या उडाल्या, टोकाला फुटणाऱ्या. "हे पोलाद." मग तडकलेल्या चौकटीला टेकवलं. ठिणग्या आखूड, लालसर, आळशी. "हे बीड. आणि हे," त्याने स्क्रू ज्यात फिरतो तो नट खरवडला, खालून पिवळसर चमक आली, "हे गनमेटल, तांब्यात कथील मिसळलेलं. कळलं का मुद्दाम असं का केलंय? स्क्रू पोलादी आणि नटही पोलादी असता तर दोघांनी एकमेकांना खाल्लं असतं. नट मऊ ठेवला की झिजायचा तो नटच झिजतो. नट बदलणं सोपं."

इतकी मोठी वाक्यं मी त्याच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. मी चहा करायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून वहिनीला मेसेज केला: आज जेवायला थांबू नकोस.

तडा वेल्डिंगने सांधायचा असं ठरलं. बिडाला नुसतं वेल्डिंग चालत नाही, हे दादाने मला आणि बोलावलेल्या वेल्डरला दोघांनाही सांगितलं. एका जागी एकदम तापलं की शेजारचं थंड बीड ताण सहन करत नाही, चिरतं. म्हणून अंगणात विटा रचल्या, कोळसे पेटवले, अख्खी बाजू हळूहळू गरम केली. वेल्डरने निकेलची कांडी घेतली. तो बोटभर शिवण घालायचा, थांबायचा, शिवणीवर हातोडीने हलके टिचक्या मारायचा, पुन्हा बोटभर. झाल्यावर बाजू कोरड्या राखेत पुरून ठेवली, सावकाश निवायला.

दुसऱ्या दिवशी राख झटकली तर शिवण सुरेख दिसत होती. आम्ही प्रेस जोडला. मी माझी एक जुनी प्लेट काढली, शाई लावली, कागद भिजवला. दादा स्क्रू आवळायला लागला. अजून थोडं, अजून थोडं.

टक्.

शिवण जशीच्या तशी होती. तिच्या शेजारी, मूळच्या बिडात, नवी रेघ गेली होती.

मी खाली पायरीवर बसले. मला वाटलं, आता हा पुन्हा "हं" म्हणेल आणि स्कूटर काढेल. पण दादा त्या रेघेकडे वाकून बघत होता आणि त्याचा चेहरा उजळला होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "अगदी बरोबर आहे. तिथेच तुटायला पाहिजे होतं."

"दादा, माझा प्रेस तुटलाय."

"ऐक ना. स्क्रू रोलरला खाली दाबतो. म्हणजे चौकटीला वर ढकलतो. म्हणजे ही मान ओढली जाते. बीड दाबलंस तर हत्तीचं वजन पेलेल. ओढलंस तर रुसतं. आणि आपण आपटून आणि तापवून तिला आधीच दुखवलेलं. तो भिजवलेला कागद नको, कोरडा दे. आणि कटर."

मी दिला. त्याने कागदाच्या मधोमध कटरने एक बारीक चीर पाडली आणि कागद माझ्या हातात दिला. "ओढ." मी दोन्हीकडून ओढला. चिरेच्या टोकापासून कागद सरळ फाटत गेला.

मग त्याने दुसऱ्या कागदाला माझ्या पंचिंग मशीनने गोल भोक पाडलं. "आता हा ओढ." मी ओढला. बराच जोर लावावा लागला.

"बिडात कार्बन असतो तो ग्रॅफाइट होऊन बसतो," दादा म्हणाला. "साध्या बिडात पापुद्र्यांसारखा. प्रत्येक पापुद्रा म्हणजे आत आधीच पाडून ठेवलेली एक चीर. त्याचेही फायदे आहेत. कंपनं गिळतो, घासताना वंगणाचं काम करतो, म्हणून तर मशिनांचे पाय आणि पाट बिडाचे करतात. पण ओढ त्याला झेपत नाही. तेच ग्रॅफाइट गोल गोळ्यांत जमवलं तर? दुसऱ्या कागदासारखं."

"जमवता येतं?"

"चिमूटभर मॅग्नेशियम लागतं. एसजी आयर्न म्हणतात. मोटारीचे क्रँकशाफ्ट ओततात त्याचे." तो उठून उभा राहिला. "आपण नवी बाजू ओतू या."

कागदाचं मला इतकं पटलं की मी नाही म्हणूच शकले नाही. आयुष्यभर मी कागद फाडत आणि चिकटवत आले, आणि लोखंडाच्या आत काय चाललंय ते मला कागदानेच कळलं.

ओतायचं तर आधी लाकडाचा नमुना हवा. तो वाळूत दाबून काढला की मागे राहते ती पोकळी, तिच्यात वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. दादा कुणा सुताराला शोधायला निघाला होता. मी म्हटलं, "मी करते."

"तू?"

"मी लाकडी ठोकळे कोरून छापचित्रं करायचे, विसरलास?"

त्याने जुनी बाजू मोजून मला आकृती काढून दिली. धातू निवताना आकसतो, म्हणून नमुना सगळीकडे जरासा मोठा. वाळूतून अलगद सुटावा म्हणून कडा किंचित निमुळत्या. मानेपाशी त्याने जाडी वाढवली आणि कोपरे गोल केले. शाळा सुटली की मी घरी येऊन रंधा धरायची. माझ्या हाताला घट्टे पडले, आणि मी ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवत फिरले. रविवारी दादा येऊन नमुन्यावर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "इथे अजून घास." शेवटी एका रविवारी त्याने बोट फिरवलं आणि नमुना गोणपाटात गुंडाळायला घेतला.

दादाच्या एका जुन्या गुजराती मित्राची मकरपुऱ्याकडे छोटी फाउंड्री आहे. त्याने नमुना उलटा-सुलटा करून बघितला.

"कोणे बनाव्युं?"

"मी," मी म्हटलं.

"सरस," तो म्हणाला, आणि साच्याच्या वाळूची तयारी करायला स्वतः वाकला.

ओतायच्या दिवशी मी सुती कपडे घालून, काळा चष्मा लावून भट्टीपासून लांब उभी होते. भट्टीत बीड पाण्यासारखं हलत होतं. मोठ्या बादलीसारख्या लॅडलच्या तळाशी त्यांनी मॅग्नेशियमच्या मिश्रणाचे खडे ठेवले आणि वर पोलादाचे बारीक तुकडे झाकले, म्हणजे लगेच जळून जाऊ नये.

"बेन, आघा रहेजो," मित्र म्हणाला. मी आणखी लांब सरकले.

भट्टी कलली आणि रस लॅडलमध्ये पडला. क्षणभर काहीच नाही. मग आतून पांढरा उजेड उसळला. एवढा पांढरा की शेडच्या पत्र्यांचा गंजसुद्धा दिसेनासा झाला. धूर वर गेला, रस खदखदला. मी दादाचा दंड घट्ट धरलेला होता हे मला नंतर कळलं.

"आता घाई," दादा माझ्या कानाशी म्हणाला. "फार वेळ गेला तर मॅग्नेशियम उडून जातं आणि ग्रॅफाइट पुन्हा पापुद्र्यांतच जमतं. मग सगळं फुकट."

लॅडल साच्यावर आलं. वरची मळी बाजूला काढली. रस एका सरळ धारेत आत गेला, साच्याच्या दुसऱ्या भोकातून वर आला, लाल झाला, स्थिर झाला. सोबत त्याच रसाची एक जाड कांडीही ओतली, तपासणीसाठी.

रात्री मला झोप आली नाही. शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून मी पुन्हा मकरपुऱ्याला पोचले तेव्हा दादा आधीच तिथे होता. वाळू फोडून बाजू बाहेर काढलेली होती. काळी, खरबरीत, पण माझ्या नमुन्याची प्रत्येक कड तिच्यावर होती. एके जागी माझ्या पटाशीचा एक ओरखडा राहून गेला होता, तोसुद्धा लोखंडात उतरला होता.

दादाने ती साखळीला टांगायला लावली आणि माझ्या हातात हातोडी दिली. "आधी जुनीवर मार."

मोजमापासाठी आणलेली जुनी बाजू शेजारीच टांगलेली होती. तिच्यावर मारलं: थड्. आवाज तिथेच मेला.

"आता हिच्यावर."

टण्ण. सूर उमटला आणि शेडमध्ये रेंगाळला. शेजारी काम करणारे दोघे-तिघे मान वळवून हसले. दादाने डोळे मिटून सूर संपेपर्यंत ऐकलं.

"झालं," तो म्हणाला. पण मित्राने कांडीही आणली. हायड्रॉलिक प्रेसखाली ठेवली, दाब दिला. साधं बीड असतं तर दोन तुकडे पडले असते. कांडी हळूहळू वाकत गेली. मी एका बिडाच्या कांडीला वाकताना बघत होते आणि मला नाचावंसं वाटत होतं.

मग दादाने मला फाउंड्रीतल्या सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. कांडीचा कापलेला, आरशासारखा घासलेला तुकडा. डोळा लावला तर करड्या जमिनीवर काळे गोल ठिपके, लहानमोठे, कुणी ब्रशच्या टोकाने टेकवल्यासारखे, आणि काहींच्या भोवती फिकट कडं. मी इतका वेळ बघत बसले की मित्राने दोनदा चहा विचारला. "याचा फोटो काढून दे," मी दादाला म्हटलं.

नव्या बाजूला भोकं पाडून, घासून, प्रेस पुन्हा उभा राहिला. या वेळी वहिनीही बघायला आली. दादाने स्क्रू आवळले, आणखी आवळले, मानेवर कान लावला. काही नाही. मी त्या फोटोवरून जस्तावर कोरलेली काळ्या ठिपक्यांची प्लेट शाई लावून पाटावर ठेवली, कागद, वर लोकरीचं जाड कापड. मी चाकाला हात घालणार तेवढ्यात दादा म्हणाला, "मी फिरवू?"

तो फिरवत होता आणि पाट रोलरांखालून लोण्यासारखा सरकत होता. मी कागदाचं एक टोक धरून सावकाश उचललं. ठिपके आले होते, दाट, मखमली, आणि त्यांच्या भोवतालची फिकट कडंही. वहिनी म्हणाली, "अय्या, हे तर डोळे आहेत."

"ग्रॅफाइट आहे ते," दादा म्हणाला, पण तो छापाकडे नाही, चाकाकडे बघत होता. "अजून एक काढू या. मला जरा दाब कमी करून बघायचाय."

त्या दुपारी आम्ही माझ्याकडचे सगळे चांगले कागद संपवले. दादा आता दर रविवारी येतो. शाळेतल्या मुलींना मी छापायला आणते तेव्हा ठिणग्या दाखवणं त्याचं काम. एक छाप आम्ही फाउंड्रीवाल्या मित्राला दिला. पुढच्या वेळी गेलो तर त्याने तो चौकट करून ऑफिसात लावला होता, उलटा. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दादाने मला कोपर मारलं.

"गोळे आहेत," तो हळूच म्हणाला. "त्यांना उलट-सुलट नसतं."