आधी बंद करून दाखवा

"चालू कशी करायची ते मागून सांगा भाऊ. आधी बंद कशी करायची ते दाखवा."

पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा ती हेच बोलली. वडवणीत बसस्टँडकडून बाजाराकडे निघालात की फवारणीचे पंप, गवत कापायच्या मशीन आणि मोटारींचं सामान मांडलेलं एक दुकान लागतं, ते माझं. झाड कापायची मशीन, म्हणजे चेनसॉ, घ्यायला येणारं गिऱ्हाईक तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. बहुतेक पुरुषच असतात. आल्या आल्या मशीन उचलतात, दोरी ओढतात आणि आवाज ऐकून खूश होतात. चेन जिच्यावर फिरते ती पट्टी जेवढी लांब तेवढी मशीन चांगली, असा समज आहे. मीही तो कधी मोडायला गेलो नाही.

ही बाई पन्नाशीची, हातात कापडी पिशवी, कपाळ मोकळं. मी तिला लाल बटण दाखवलं. मग पुढचा ब्रेक दाखवला. हा पुढे ढकलला की इंजिन चालू असलं तरी चेन जागच्या जागी थांबते. तिनं दोन्ही स्वतः करून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "बरं. येते." आणि गेली.

पुढच्या बाजाराला परत आली. नंतर जवळजवळ प्रत्येक बाजाराला. मी तिला आक्का म्हणू लागलो. बाजार करून यायची, पिशवी खाली ठेवायची आणि मशीन हातात घेऊन नुसती उभी राहायची. एकदा माझ्याकडे कुणीतरी पंपाचं नोझल घ्यायला आला, घासाघीस करून घेऊन गेला, तरी ही तशीच उभी. हात थरथरायला लागल्यावर मशीन फळीवर ठेवली. "ही जड हाय. दुपारपातूर न्हाई धरवायची," एवढंच म्हणाली.

तिची एक गोष्ट मला आधी कळत नव्हती. दुकानाबाहेर कुणी मशीन चालू करून बघायला लागलं की ती बोलता बोलता थांबायची. डोळे मिटायची नाही, तोंडही वाकडं करायची नाही. नुसती थांबायची. मशीन बंद झाली की वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढे बोलायची. मला वाटलं, तिला आवाजात नीट ऐकू येत नसेल.

एक दिवस तिनं विचारलं, या मशीन कुणाकुणाला विकल्यात. मी दोघातिघांची नावं सांगितली. विकणारा चांगलंच सांगणार, वापरणाराला विचारते, असं ती म्हणाली. एसटीला बायांना अर्धं तिकीट आहे, जाऊन येते. मला वाटलं, बोलण्याची गोष्ट. पण ती खरंच गेली. कपिलधारच्या बाजूला एकाची आंब्याची बाग आहे, त्याच्याकडे गेली. लिंबागणेशजवळ एक लाकूडवाला आहे, त्याच्याकडे गेली. आणि येऊन माझ्याच गिऱ्हाइकांच्या खबरा मला सांगितल्या. बागवाला मशीनवर खूश आहे, पण त्याच्या हातात ती नीट सुरू होत नाही, कारण तो पेट्रोलमध्ये तेल अंदाजानं घालतो. तिसऱ्यानं तर मशीन घेतल्यापासून एकदाच चालवली, तीही मोबाईलवर व्हिडिओ काढायला. खोक्यात आता कोंबडी अंड्यावर बसली आहे.

"तुमचं नाव सांगितलं तर त्यानं मला अंडी दिली," ती म्हणाली. हे सांगताना ती हसली नाही. मी हसलो.

लाकूडवाल्याला मात्र तिनं नीट विचारलं होतं. सकाळी गार असताना किती वेळा दोरी ओढावी लागते, सामान वडवणीत मिळतं का, चेनला धार कोण लावतं, दिवसभर चालवली तर हात बधिर होतात का. त्यानं सांगितलं होतं की मोठी मशीन आमच्यासारख्या रोज कापणाऱ्यांना. घरच्या शेताला मधली घ्या, ब्रेक चांगला असलेली, आणि जिचं सामान जवळ मिळतं तीच घ्या. ही सगळी माहिती तिनं मला दिली, जणू मी घेणारा आणि ती विकणारी.

तेव्हा मी विचारलं, "आक्का, कापायचं काय हाय एवढं? एखादा माणूस लावला तर दोन दिवसांत उरकंल."

"माणूस येत न्हाई," ती म्हणाली. आणि मग सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, शेजारच्या गावात घडलेलं सांगावं तसं.

तिच्या बांधावर वेडी बाभूळ माजली होती, आणि विहिरीच्या वाटेवर एक जुनी मोठी बाभूळ होती. नवऱ्यानं रस्त्यावरच्या कुणा फिरत्या विक्रेत्याकडून एक बिननावाची मशीन आणली होती. तिचा ब्रेक तुटलेला, त्यानं तो तारेनं बांधून ठेवला होता. बंद करायचं बटण कधी चालायचं, कधी नाही. बाभूळ निम्मी कापून झाली आणि पट्टी खोडात अडकली. ओढून काढताना मशीन उसळून मानेवर आली. तो पडला आणि मशीन त्याच्या शेजारी पडून चालूच राहिली. रेस अडकली होती. ही भाकरी घेऊन आली होती. तिनं त्याला पायाला धरून बाजूला ओढलं, पदर दाबून धरला आणि हाका मारल्या.

"शेजारच्या रानात माणसं व्हती भाऊ. पण मशीनच्या आवाजात माझी हाक गेली न्हाई. मशीन चालू हाय म्हंजे काम चालू हाय, असं वाटलं त्यांना. पेट्रोल सपलं तवा बंद पडली. मंग आले."

तोवर काही उरलं नव्हतं.

मी पाणी दिलं. ती प्याली आणि म्हणाली, ती बाभूळ अजून तशीच आहे, निम्मी कापलेली, वाटेवर कललेली. त्या झाडानं माणूस घेतलाय म्हणून गावात कुणी त्याला हात लावत नाही. वाट बंद आहे. म्हशी भायाच्या कपाशीतून फिरवून न्याव्या लागतात, आणि भाया, म्हणजे थोरला दीर, बोलत नाही, पण तोंड फिरवतो.

त्याच दिवशी तिनं मधली मशीन घेतली. मी एक अट घातली: मी स्वतः शिकवीन, आणि तोवर त्या झाडाकडे जायचं नाही. तिनं मान डोलावली.

दोन वेळा दुकान बंद ठेवून मी तिच्या शेतात गेलो. बांधावरच्या वेड्या बाभळीवर तिला हात बसवायला लावला. पाय कुठे ठेवायचा, पट्टीचं टोक लाकडाला लागू द्यायचं नाही, पाऊल टाकायचं तर आधी ब्रेक. ती पदर खोचून, वर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालून काम करायची. दर थोड्या वेळानं मशीन बंद करायची आणि आजूबाजूला ऐकायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, काही बिघडलं. मी विचारलंही. ती म्हणाली, "कुणी हाक मारीत असंल तर."

झाड पाडायच्या दिवशी आम्ही दोघंच होतो. कललेलं झाड वाईट असतं, कुठे वळेल सांगता येत नाही. दोर बांधावा की नाही, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात बांधावरून ट्रॅक्टर आला. भाया. न बोलावता आले होते. सोबत जाड दोर होता. त्यांनी तो वरच्या फांदीला अडकवला, ट्रॅक्टर लांब नेऊन उभा केला आणि खाली मान घालून सीटवर बसून राहिले.

जुनी खाच काळी पडली होती, तिच्यातून मुंगळे ये-जा करत होते. मी म्हणालो, "आक्का, मी कापतो." ती नाही म्हणाली. तिनं खाचेच्या जरा वर पट्टी लावली. मी तिच्या मागे उभा होतो. लाकूड कराकरा बोललं तशी तिनं मशीन बंद केली, मागे सरली आणि हात वर केला. भायांनी ट्रॅक्टरनं दोर ओढला. बाभूळ वाटेच्या पलीकडे, मोकळ्या रानात पडली. धूळ खाली बसायला वेळ लागला.

भाया ट्रॅक्टरवरून उतरले. त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि खांदे हलायला लागले. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते. मग म्हणाली, "भाऊजी, आता तुमच्या कपाशीतून म्हशी न्हाई यायच्या." आणि तीन दगडांवर चहा ठेवला. चहात साखर जास्त झाली होती, तेवढं आठवतं.

नंतर ती चेनला धार लावायला, तेल न्यायला यायची. गावातल्या बाया तिला बांध साफ करायला बोलवायच्या. पुरुष आधी हसले, मग तेही बोलवू लागले. एकदा मी विचारलं, हात बधिर होतात का. "व्हतात," ती म्हणाली. "पण त्या दिवशी झोप लागती."

एवढी वर्षं ती यायची, पण घरचं कधी बोलली नाही. एक लेक लातूरला दिली आहे, हेही मला भायांकडून कळलं, आणि तेही ती यायची बंद झाल्यावर. ते पंप दुरुस्तीला घेऊन आले होते. त्यांनी सांगितलं, तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लेक घेऊन गेली. पंप उघडला, वायसर बदललं. जाताना मी लेकीचा नंबर मागितला, आणि रान कसं आहे ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लावला. मी कोण ते लेकीला सांगितलं. तिला माहीत होतं. "आईला सगळं कळतं काका. बोलता येत नाही. फोन कानाला लावते, तुम्ही बोला."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, आक्का, मी वडवणीहून. पाऊस बरा आहे. बाजारात गर्दी कमी असते. मग भायांनी सांगितलं होतं ते सांगितलं.

"विहिरीकडच्या बांधावर वेडी बाभूळ परत फुटलीय. बोटाएवढीच हाय अजून."

श्वास तसाच येत राहिला. मग लेकीचा आवाज आला, "काय सांगितलंत हो? तिनं डावा हात उचलला."

"काही नाही," मी म्हणालो, "शेतातलं." आणि फोन ठेवला.

दारात गिऱ्हाईक उभं होतं. त्याला मशीनची चेन हवी होती. मी पट्टीचं माप विचारलं आणि चेन काढायला आत गेलो. आत गेल्यावर कशासाठी आलो ते आठवेना. मी तिथंच फळीला हात लावून उभा राहिलो. बाहेरून त्यानं दोनदा हाक मारली. मला ती ऐकू येत होती.