चार बाह्यांचा पोशाख

आत्या देवांचे कपडे शिवते. दुकानावरच्या पाटीवर ‘सर्व प्रकारची शिलाई’ असं लिहिलेलं आहे, पण माणसांच्या वाटेला ती सहसा जात नाही. “देवासारखं गिऱ्हाईक नाही,” ती म्हणते. “पोट सुटत नाही, ट्रायलला चार मैत्रिणी घेऊन येत नाही, आणि मागच्या वेळी काखेत घट्ट झालं म्हणून तोंड वाकडं करत नाही.” ती सख्खी आत्या एकाच माणसाची, पण अख्खी गल्ली तिला आत्याच म्हणते. मीही.

तो एक माणूस म्हणजे तिचा भाचा. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून तिच्याकडेच. जरीच्या कातरणांच्या ढिगात झोपायचा आणि सकाळी चमचमत शाळेत जायचा. पुढे चित्रकार झाला, असं आत्या समजते. प्रत्यक्षात तो चित्रं काढत नाही, खोल्या मांडतो. प्रदर्शनाच्या दालनात देऊळ उभं करायचं आणि देवाच्या जागी टीव्हीवरचं कोणीतरी बसवायचं, असलं त्याचं काम. घरी त्याने हे कधी धड सांगितलंच नाही. आत्याने विचारलं की म्हणायचा, “देवादिकांचंच करतो गं काहीतरी.” हे अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्यावर घरं वर्षानुवर्षं सुखाने चालतात.

या वेळच्या प्रदर्शनासाठी त्याने तिच्याकडून पोशाख शिवून घेतला. कोणासाठी, ते सांगितलं नाही. उंची, छाती, कंबर दिली. हातांचं बोललाच नाही. आता आत्याच्या धंद्यात न सांगितलेले हात चारच धरतात. तिने चार बाह्यांचा लालभडक पोशाख शिवला, काठाला जर लावली आणि “कुठल्या देवळात बसवणार ते दाखव” म्हणून मागे लागली. भाचा आज-उद्या करत राहिला. शेवटी तिने दालनाचा पत्ता परस्पर मिळवला आणि मला गाठलं. “तुझी गाडी आहे ना? मग काढ.”

आत गेलो तर सिनेमाच्या पोस्टरांचा गाभारा. मागे जुन्या सीडींची प्रभावळ, गोल फिरणारी. घंटेच्या जागी मोबाइल टांगलेला, हात लावला की नाचाचं गाणं. आणि मधोमध, आत्याचा पोशाख घालून, कार्टून मालिकेतला पत्र्याचा रोबो. माणसाएवढा, चौकोनी डोक्याचा.

आत्या बघतच राहिली. भाचा शाळेतून तक्रार आलेल्या पोरासारखा पुढे झाला.

“हा कोण?”

“आत्या, ऐक ना...”

“हा कोण, विचारलं मी.”

“टीव्हीवरचा. लहानपणी अंधाराची भीती वाटली की ह्यालाच हाक मारायचो.”

“आणि शिवताना मी कोणाला हाक मारत होते, ठाऊक आहे? फसवलंस मला. काढ माझा पोशाख. घेऊन जाते.”

दालन चालवणाऱ्या बाई धावत आल्या. उद्घाटनाचे पाहुणे दाराशी पोचलेले, आणि पोशाख गेला तर गाभाऱ्यात उरणार नुसता डबा. भाच्याने मात्र वाद घातला नाही. “तुझा आहे, ने,” म्हणाला आणि गुंडीला हात घातला.

“थांब!” आत्या ओरडली. “सगळ्यांच्या देखत? लाज आहे का काही?”

देवाचे कपडे बदलायचे तर पडदा धरायचा, हा तिचा जन्माचा शिरस्ता. सरबताच्या टेबलावरची चादर ओढून मी आणि बाई दोन टोकं धरून उभे राहिलो. पाहुणे आत आले आणि हीच कलाकृती असावी असं समजून अदबीने थांबले. एक गृहस्थ मान तिरकी करून माझ्या कोपराचा बराच वेळ विचार करत होते.

पडद्याआड कुजबुज चालू होती.

“हा तुझ्या शाळेच्या डब्यावर होता. तेव्हा दोनच हात होते.”

“तू बाह्या चार शिवल्यास.”

“मग?”

“मग दोन हात नवे केले. खांद्याला भोकं पाडून बसवले. तरी डावा खालचा नीट बसला नाही.”

“वेड्या, जास्तीच्या बाह्या कापायच्या आणि भोकं शिवून टाकायची. आहे काय त्यात?”

“तू शिवलेल्याला मी कात्री लावू?”

माझे हात भरून आले. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. मग आत्याचा आवाज आला, देवळातल्या गिऱ्हाइकांशी बोलते तो. “खालचा डावा हात वर कर बघू. हां. काखेत ओढतंय तुला.”

“नेतेस ना?” भाच्याने विचारलं.

“नेऊ काय? उघडा बसवू ह्याला? टाचण्या दे.” मग आवाज खाली आणून, “खोटं बोललास ते बोललास. घरी चल, मग बघते तुझ्याकडे. हसू नकोस! धर हा हात.”

अखेर आतून हुकूम सुटला, “सोडा!” चादर खाली आली. रोबो चारही हातांनी ऐटीत उभा, शेजारी भाचा, आणि आत्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. तोंडात टाचण्या असल्यामुळे आत्याला बोलता येईना, म्हणून तिने भाच्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

त्याला जास्त टाळ्या पडल्या.